बांधलेला कुत्रा: कायदा काय सांगतो, आणि शेजार न तोडता काय करता येईल?

निंबोणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वडिलांच्या आजारपणामुळे दीड महिना गावी आहे, शिरूर तालुक्यात. आमच्या मळ्याच्या बांधाला लागून एक वस्ती आहे. तिथे एक तांबडा गावठी कुत्रा बाभळीला बांधलेला असतो. नाव खंड्या, वय दोन वर्षांच्या आसपास. या दीड महिन्यात मी त्याला एकदाही सुटलेला पाहिलेला नाही. गळ्यात पट्टा आणि त्याला बैलाची जड साखळी, जेमतेम चार फुटांची. बाभळीभोवती त्याच्या पायांनी जमिनीत गोल चाकोरी पडली आहे. पाण्याचा डबा साखळीत अडकून कलंडतो, मग संध्याकाळपर्यंत कोरडाच. दुपारी सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला सरकते, पण तोवर साखळी खोडाला गुंडाळली गेलेली असते आणि हा उन्हात उभा. परवा जवळ गेले तेव्हा पट्ट्याखाली ओली जखम दिसली, माश्या बसत होत्या.

मालक माझ्या वडिलांच्या वयाचे, आम्ही तात्या म्हणतो. ते दुष्ट आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. दोन्ही वेळेला भाकरी-दूध स्वतःच्या हाताने घालतात. विषय काढला तर म्हणाले, "पोरी, सोडला तर खालच्या वस्तीवरच्या शेळ्या धरतो. मागच्या साली दोन करडं भरून द्यावी लागली मला."

पोलिसांकडेही जाऊन आले. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाले, कुत्रा बांधला म्हणून गुन्हा दाखल होत नाही. हे खरं आहे का? असा काही कायदाच नाही का? तात्यांशी वैर नको आहे, पण हे असं रोज बघवत नाही.

ओसरी

कायद्याचं जाणकार सांगतीलच. आधी जखम बघा, आजच. पट्टा पिल्लाच्या गळ्यात घातलेला असेल आणि नंतर कधी सैल केला नसेल तर तो कातडीत रुतलेला असण्याची शक्यता खूप आहे. घरी ओढून काढायला जाऊ नका, डॉक्टरांकडून कापून घ्या. माशी बसलेल्या जखमेत एका दिवसात अळ्या पडतात. आणि कृपा करून कोणालाही त्यावर फिनेल किंवा पेट्रोल ओतू देऊ नका. आमच्याकडे हा "उपाय" अजून सर्रास करतात. जनावर वेदनेने वेडंपिसं होतं.

कलमदान

निंबोणी, कायदा आहे. १९६० पासून आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा अधिनियम. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. नेहरूंनी सरकारी विधेयक आणण्याचं आश्वासन दिलं म्हणून त्यांनी ते मागे घेतलं आणि त्यातून पुढे हा कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

तुमच्या कामाचं आहे ते कलम ११, पोटकलम १. त्यातला खंड 'एफ' म्हणतो की जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणं ही क्रूरता आहे. पुढचा खंड 'जी' तर खास कुत्र्यासाठीच आहे. जो कुत्रा नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवला जातो, त्याला वाजवी व्यायाम न देणारा मालक गुन्हेगार ठरतो. त्यापुढच्या 'एच' मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं येतं. म्हणजे तुमच्या खंड्याच्या बाबतीत तिन्ही खंड लागू शकतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बांधणं हा गुन्हा नाही. अवाजवी बांधणं हा गुन्हा आहे. किती तास म्हणजे अवाजवी, किती फूट म्हणजे आखूड, हे कलमात कुठेही आकड्यात लिहिलेलं नाही. ते न्यायालयाने त्या त्या प्रकरणात ठरवायचं.

आता हवालदार तसं का म्हणाले ते सांगतो. त्यांचं अर्धं बरोबर आहे. या अधिनियमाच्या कलम ३१ नुसार क्रूरतेचे मोजकेच प्रकार दखलपात्र आहेत. साखळीचे खंड त्यात नाहीत. म्हणजे हा गुन्हा अदखलपात्र, आपण ज्याला 'एनसी' म्हणतो तो. पोलिसांनी तुमची तक्रार नोंदवून घेतली पाहिजे, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ते तपास करू शकत नाहीत. तुम्ही स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करू शकता. त्याला मुदत आहे: कलम ३६ नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिने. म्हणून तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढून ठेवा.

आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दंड, कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे आजही तेच आहेत. १९६० मध्ये ५० रुपये ही नोकरदाराला जाणवणारी रक्कम होती, आज त्यात कुत्र्याचा एक पट्टा येत नाही. जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींबद्दलच्या नागराजा खटल्यात ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ११ साठी परिणामकारक शिक्षा असावी, संसदेने दुरुस्ती करावी अशी अपेक्षा निकालात लिहून ठेवली. शर्यतींच्या मुद्द्यावर पुढे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. पण साखळीचा दंड मात्र होता तिथेच राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी काढला होता. दंड वाढवण्याची तरतूद त्यात होती. तरी दंड तेवढाच राहिला याचा मला मनापासून राग येतो, म्हणून इतकं लांबलं.

माळरान

मी अकोले तालुक्यातला शेतकरी. ताई, तुमची कळकळ समजते. पण तात्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

राखणीचं कुत्रं मोकळं सोडलं की ते दुसऱ्याच्या शेळ्या-कोंबड्यांच्या मागे लागतं, रस्त्यावरच्या मोटारसायकलींमागे धावतं, कुणी डुकरासाठी ठेवलेलं विष खातं. भांडण मग माणसांत होतं. न बांधून कसं चालेल? आमच्या आजोबांच्या काळी वस्त्या लांब लांब होत्या, कुत्री मोकळी असायची. आता दर दोन एकराला एक घर आहे.

पण एक गोष्ट मी उलट बाजूने सांगतो. आमच्या भागात बिबट्या आहे. विद्या अथ्रेया यांनी आमच्याच अकोल्यात बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के. मोकळं कुत्रं निदान पळतं, ओट्यावर चढतं, घरात शिरतं. साखळीचं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. मी स्वतः सकाळी उठून नुसती साखळी आणि रक्त पाहिलेलं आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे रात्री कुत्रं बाहेर बांधत नाही, दार लावून आत घेतो. शिरूर तालुक्यातही बिबटे कमी नाहीत. तात्यांना कायदा सांगू नका, हे सांगा.

ओसरी

माळरान, हा मुद्दा फार मोलाचा. +१

कलमदान

माळरान यांच्या पहिल्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच २८९ होतं. म्हणजे मालकाने कुत्रा आवरलाही पाहिजे आणि माणुसकीने आवरला पाहिजे. दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्याच.

पेकानचं_झाड

मी ऑस्टिनजवळ राहते, टेक्सासमध्ये. हे राज्य पशुपालकांचं, शिकाऱ्यांचं. सरकारने घरात नाक खुपसलेलं इथे कोणालाच आवडत नाही. तरीही इथे कायदा झाला, म्हणून लिहिते.

जुना कायदा २००७ चा. रात्री दहा ते सकाळी सहा कुत्रा एकटा बाहेर बांधायचा नाही, कडाक्याच्या थंडीत नाही, वगैरे. पण त्यात एक मेख होती. अधिकाऱ्याने आधी लेखी ताकीद द्यायची आणि २४ तास थांबायचं. तोवर कुत्रा तसाच. २०२१ मध्ये दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, तर राज्यपाल ॲबट यांनी जूनमध्ये ती नाकारली, हा सरकारी अतिरेक आहे म्हणून. लोक इतके चिडले की त्याच वर्षी विशेष अधिवेशनात विधेयक पुन्हा आलं आणि त्यांनीच त्यावर सही केली. १८ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

कलमदान म्हणाले ना की आपल्याकडे 'अवाजवी' म्हणजे किती ते लिहिलेलं नाही? इथे लिहिलं आहे. बांधणी किमान दहा फूट, किंवा नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल ते. लोखंडी साखळी पूर्ण बंद. वजन लटकवणं बंद. पट्टा अंगाला नीट बसणारा हवा. पिण्याजोगं पाणी, सावली, निवारा, आणि साचलेल्या पाण्यापासून व घाणीपासून दूर जाता येईल अशी जागा हवी. २४ तासांची ताकीद गेली. पहिल्या वेळी ५०० डॉलरपर्यंत दंड. वर आडव्या तारेवर सरकणारी कडी असेल तर लांबीच्या अटीतून सूट आहे, गुरं वळणाऱ्या आणि शेतात कामावर असलेल्या कुत्र्यांनाही काही सवलती आहेत.

शेजारच्या कॅलिफोर्नियात नाही, जरा दूर आहे, पण तिथे तर २००७ पासून एका जागी खुंटीला बांधून ठेवायला मनाईच आहे. तात्पुरत्या कामापुरतं बांधलं तरी दिवसाला तीन तासांच्या वर नाही.

इसारकाठ

म्युनिकहून. जर्मनीत कुत्र्यांच्या पालनासाठी वेगळी नियमावली आहे. १ जानेवारी २०२३ पासून कुत्रा बांधून पाळणं बंद झालं. फक्त कामाचा कुत्रा, कामाच्या वेळी, माणूस जवळ असताना, किमान तीन मीटर दोरीने बांधता येतो. त्याआधी सरकत्या दोरीवर ठेवायची मुभा होती. ऑस्ट्रियात तर त्याच्या कितीतरी आधीपासून तात्पुरतंही बांधून ठेवता येत नाही. स्वीडनमध्ये बाहेर बांधायचा तर दिवसाला दोन तास. आपणही थेट बंदीच मागायला हवी, अर्धवट उपायांत काय अर्थ?

माळरान

इसारकाठ, तुमच्याकडे प्रत्येक घराला कुंपण असेल. आमच्या पाच एकराला जाळीचं कुंपण घालायचं तर कुत्र्याच्या नव्हे, माणसाच्या पोटाला चिमटा बसतो. बंदी आली की लोक कुत्रं रस्त्यावर सोडून देतील. मला अर्धवट उपायच हवा आहे, पण जो माझ्या वस्तीवर उद्या सकाळी करता येईल असा.

इसारकाठ

मान्य. कुंपणाचा विचार मी केला नव्हता. मग स्वित्झर्लंडचं बघा, ते तुमच्या म्हणण्याच्या जवळ जातं. तिथे बांधायला परवानगी आहे, पण दिवसातून किमान पाच तास कुत्र्याला मोकळं हिंडता आलं पाहिजे आणि उरलेल्या वेळी सरकत्या साखळीवर किमान २० चौरस मीटर जागा मिळाली पाहिजे.

द्राक्षमांडव

निफाडहून. उद्या सकाळी करता येईल असा उपाय माझ्याकडे आहे, चार वर्षं वापरतोय.

बागेच्या मांडवाची उरलेली तार घ्या. दोन लोखंडी अँगल चाळीस फुटांवर काँक्रीटमध्ये गाडा. जमिनीपासून सात फुटांवर तार ताणून बांधा, जशी आपण मांडवाला ताणतो तशी. ढिली राहिली तर मधे झोळ पडतो आणि कडी तिथेच अडकते. तारेत एक जाडसर कडी किंवा छोटी पुली ओवा. तिला हलकी साखळी नऊ फुटांची, दोन्ही टोकांना गोल फिरणारी कडी, म्हणजे पीळ पडत नाही. बैलाची साखळी नको, कुत्र्याची मान दिवसभर ते ओझं ओढते.

सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही अँगलपासून आठ फूट आत तारेवर क्लँप आवळा. नऊ फुटांच्या साखळीने कुत्रा तारेपासून बाजूला साधारण सहा-सात फूट जातो, त्यामुळे तो खांबापर्यंत पोचत नाही आणि गुंडाळला जात नाही. त्याच्या पल्ल्यात झाड, भिंत, विहिरीचा कठडा, ओटा, काही असता कामा नये. कठड्यावरून पलीकडे उडी मारली आणि साखळी अपुरी पडली तर फास बसतो. आमच्या पाहुण्यांचा कुत्रा असाच गेला, गच्चीवर बांधलेला.

पल्ल्याच्या आत पत्र्याऐवजी उसाच्या पाचटाचं छप्पर करा. पत्रा एप्रिलमध्ये भट्टी होतो. पाण्याला सिमेंटची जड कुंडी, कलंडत नाही. पट्टा रुंद, चपटा, आत दोन बोटं सहज जातील इतका सैल. गळफासासारखा आवळणारा पट्टा अशा बांधणीला कधीच वापरू नये.

तार अंगावर होती म्हणून मला खर्च फक्त सिमेंट आणि पुलीचा आला.

तिसरा_मजला

ठाण्यातून विचारते. आमच्या समोरच्या इमारतीत एक लॅब्राडोर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत बाल्कनीत बांधलेला असतो. शहरात हे चालतं का?

कलमदान

नाही. 'जी' खंड शेत आणि फ्लॅट असा भेद करत नाही. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवणं मालकावर बंधनकारक आहे. आधी मालकाशी बोला, मग सोसायटीमार्फत लेखी कळवा. तरी फरक पडला नाही तर जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे अर्ज करा. जनावराची अवस्था फार वाईट असेल तर कलम ३४ नुसार कॉन्स्टेबलच्या वरचा पोलीस अधिकारी ते ताब्यात घेऊन पशुवैद्यकाकडून तपासून घेऊ शकतो. हे कलम पुष्कळदा पोलिसांनाही आठवत नाही, अर्जात लिहून द्या.

रानवाट

हे सगळं पाळीव कुत्र्यांचं झालं. रस्त्यावरच्या टोळ्यांचं काय? रोज लहान मुलं चावली जातात, आणि इथे साखळी किती फूट यावर चर्चा.

संपादक

रानवाट, काळजी रास्त आहे, पण ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवर आणि भटक्या कुत्र्यांवर स्वतंत्र धागा चालू आहे. तिकडे लिहावं. इथे पाळीव कुत्र्यांना बांधण्याबद्दलच बोलूया.

ओसरी

संपादकांच्या परवानगीने, चावण्याचा आणि साखळीचा संबंध आहे म्हणून एवढंच. अमेरिकेत डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना झाली होती, १९९४ मध्ये छापून आली. अंगणात साखळीने बांधलेली असण्याचं प्रमाण चावणाऱ्या कुत्र्यांत जवळपास पावणेतीन पट निघालं. साखळीमुळेच चावतात की चावरी म्हणून बांधतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर पळायला वाट नसते, ही गोष्ट मी दवाखान्यात रोज बघते. लहान मूल साखळीच्या पल्ल्यात शिरू नये, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

निंबोणी (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

कायदा मी काढलाच नाही. माळरानदादांचं ऐकून बिबट्यापासून सुरुवात केली. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मागच्या महिन्यात कॅनॉलच्या अंगाला ठसे होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना वस्तीवरच बोलावलं. ओसरी, तुमचा अंदाज खरा ठरला. पट्टा मानेखालच्या बाजूला कातडीत रुतला होता आणि आत अळ्या होत्या. गुंगीचं इंजेक्शन देऊन कापून काढला. खंड्याचं डोकं तात्यांनीच धरलं होतं. "केसांत मला दिसलंच नाही गं," एवढंच दोनदा म्हणाले. त्याच वेळी रेबीजची लसही झाली.

जखम भरेपर्यंत मानेला काही लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून छातीला घालायचा पट्टा आणला. तार गेल्या रविवारी बांधली. अँगल आमच्याच पडक्या गोठ्याचे निघाले. चाळीस फूट जागा नव्हती, चौतीस मिळाली. क्लँप द्राक्षमांडव यांनी सांगितलं तसे आठ-आठ फूट आत आवळले.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तारेवर सोडल्यावर पहिले दोन दिवस खंड्या चार फुटांच्याच गोलात फिरत होता. साखळी मोकळी, पुढे रान मोकळं, तरी चार फुटांवर आला की मागे वळायचा. तिसऱ्या दिवशी तात्यांच्या नातवाने भाकरीचा तुकडा लांब धरला, तेव्हा कुठे एक पाय पुढे टाकला.

रात्री आता त्याला कडब्याच्या खोलीत घेतात, दार लावून. संध्याकाळी नातू दोरीला धरून बांधापर्यंत फिरवून आणतो, पण रोज नाही. शाळा असली की राहतं. सुट्टं सोडायला तात्या अजून तयार नाहीत.

माळरान

फार बरं वाटलं वाचून. सुट्टं सोडायची घाई नको. शेळ्या घरी परतून कोंडल्यावर, दिवस मावळायच्या बराच आधी, तात्यांच्याच आवारात अर्धा तास लांब दोरी जमिनीवर लोळती ठेवून सोडा. गरज पडली तर दोरीवर पाय देता येतो. आमच्याकडे महिन्याभरात शेळ्यांकडे बघायचं थांबलं, पण सगळीच कुत्री सारखी नसतात.

कलमदान

निंबोणी, फोटो आणि तारखा तरी जपून ठेवा.

द्राक्षमांडव

चौतीस फूट पुरे. पावसाळ्याआधी क्लँपचे नट एकदा आवळून घ्या, आणि छातीपट्टा काखेत घासतोय का ते आठवड्याला बघा. तिथले केस आधी जातात.

ओसरी

मानेची जखम आता कशी आहे? आणि नवा पट्टा कधी घालायचा ते डॉक्टरांनी सांगितलं का?

निंबोणी (धागाकर्ती)

खपली धरली आहे, केस अजून आलेले नाहीत. पट्ट्याचं पुढच्या शनिवारी तपासून सांगणार आहेत. काल तात्या स्वतःच सिमेंटची कुंडी घेऊन आले, जुन्या तुळशीवृंदावनामागे पडलेली होती.